'पॉपर' : गरिबाच्या कपाळी मारलेला एक शिक्का

'शब्दांच्या गावा'तल्या आजच्या गप्पांसाठी मी एक इंग्रजी शब्द निवडला आहे. तो कोर्टात ऐकू यायचा आणि आपल्या आजीपणजीच्या पिढीच्या दाव्यांच्या कागदांवरही असायचा. शब्द आहे 'पॉपर'. कोशात अर्थ मिळतो कंगाल, निष्कांचन, भिकारी. पण एवढ्यावर त्याची गोष्ट संपत नाही. गरिबाला इंग्रजीत 'पुअर' म्हणतात हे शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं. मग 'पुअर' असताना 'पॉपर' कशाला हवा होता? या एका प्रश्नाच्या पोटात चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

आधी शब्दाचं माहेर बघू. 'पॉपर' मूळचा लॅटिन, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतला. त्याचे दोन तुकडे पडतात. एकाचा अर्थ 'थोडं', दुसऱ्याचा 'उपजवणं, जन्म देणं'. म्हणजे ज्याच्याकडे थोडंच पिकतं तो. आपण हलक्या, मुरमाड रानाबद्दल बोलतो ना, तसा हा शब्द. रोमन लोकांत तो भिकाऱ्याला लावत नसत. ज्याला बेताचं आहे, जो हातावर पोट भरतो, तो पॉपर. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठी वेगळे शब्द होते. तेव्हा मुळात या शब्दाला लाज चिकटलेली नव्हती.

लॅटिनमधून तो फ्रेंचमध्ये गेला, तिथे घासून गुळगुळीत झाला आणि फ्रेंचमधून इंग्लंडात 'पुअर' होऊन पोचला. 'पॉव्हर्टी', म्हणजे गरिबी, त्याच घरातली. आणि 'इम्पोव्हरिश', म्हणजे गरीब करून सोडणं, हीसुद्धा त्यांचीच बहीण. हे सगळे शब्द लोकांच्या तोंडून आले. 'पॉपर' मात्र वकिलांच्या हातात हात घालून, तसाच्या तसा लॅटिन रूपात आला. एक घराच्या मागच्या दाराने आला, दुसरा कचेरीच्या पुढच्या दाराने.

कचेरीचं म्हटलं ते का, ते सांगते. १४९५ साली, सातवा हेन्री राजा असताना, इंग्लंडात एक कायदा झाला. ज्याच्याजवळ दाव्याचा खर्च करायला पैसे नाहीत त्याला फी न भरता दावा लावता यावा आणि कोर्टाने त्याला वकीलही द्यावा, असं त्यात होतं. अशा माणसाने 'पॉपर म्हणून' दावा लावला असं कागदावर लिहीत. कल्पना चांगलीच होती. पण पुढे आठव्या हेन्रीच्या काळात त्याला एक शेपूट जोडलं गेलं. असा गरीब दावा हरला तर त्याला समोरच्याचा खर्च माफ, मात्र न्यायाधीशाला वाटेल ती दुसरी शिक्षा त्याने भोगायची. खर्च भर नाही तर फटके खा, अशी निवड त्याच्यापुढे ठेवत असल्याची नोंद इंग्लंडच्या जुन्या कायदेपंडितांनी करून ठेवली आहे. न्याय मागायला आलेल्या गरिबावर पहिला संशय असा घेतला गेला.

मग १६०१ साल उजाडलं. एलिझाबेथ राणीच्या राज्यात गरिबांचा मोठा कायदा झाला. इंग्लंडात चर्चच्या हद्दीला पॅरिश म्हणतात, आपल्या गावशिवेसारखी. प्रत्येक पॅरिशने आपल्या हद्दीतल्या गरिबांना सांभाळायचं, त्यासाठी घरमालक आणि जमीनदारांकडून पट्टी गोळा करायची, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना मदत द्यायची, धडधाकटांना कामाला लावायचं आणि गरिबांची पोरं कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारीला द्यायची, असं ठरलं. सगळ्या देशभर गरिबाला पोसण्याची जबाबदारी कायद्याने ठरवून देणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण गाडं अडलं ते 'आपले गरीब' आणि 'परके गरीब' यावर. पट्टी भरणारे म्हणू लागले, दुसऱ्या गावचं ओझं आमच्या डोक्यावर का? म्हणून १६६२ साली दुसरा कायदा झाला. नव्याने आलेलं माणूस पुढे गावावर भार होईल असं वाटलं, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येऊ लागलं. आता बाईचं मूळ पॅरिश कोणतं? लग्न झालं की नवऱ्याचं ते तिचं. नवरा वारला आणि ती मदत मागायला गेली की तिला तिच्या नवऱ्याच्या पॅरिशमध्ये पाठवायचे, मग तिने ते गाव जन्मात पाहिलेलं नसलं तरी. बिनलग्नाच्या मुलाचा हक्क मात्र ते जिथे जन्मेल तिथल्या पॅरिशवर. त्यामुळे पोटुशी, एकटी बाई दिसली की गावचे अधिकारी तिला बाळंत होण्याआधीच शिवेपार करायला धावत. माहेर ना सासर, म्हणतो ना आपण, ते तिथे कायद्याने घडत होतं.

१६९७ साली पुढची पायरी आली. मदत घेणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याच्या बायकापोरांनी उजव्या खांद्यावर, बाहीवर, लाल किंवा निळ्या कापडाचं एक मोठं अक्षर शिवायचं. अक्षर 'पी'. पी म्हणजे पॉपर. सोबत पॅरिशच्या नावाचं पहिलं अक्षर. बिल्ला लावला नाही तर मदत कमी करा किंवा बंद करा, नाही तर फटके मारून कोंडून कामाला लावा, अशी तरतूद होती. सगळीकडे हे काटेकोर पाळलं गेलं असं नाही, पण कायदा १८१० पर्यंत पुस्तकात होता. जरा डोळ्यांपुढे आणा, आई आपल्या लेकराच्या सदऱ्यावर ते अक्षर आपल्याच हाताने टाचते आहे.

आणि हे फार जुनं, फार लांबचं वाटत असेल तर २०१७ आठवा. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्या घरांच्या भिंतींवर पिवळ्या पट्ट्यात 'मी गरीब कुटुंबातला आहे' अशा अर्थाचं वाक्य रंगवलं होतं. बाहीवरचं अक्षर भिंतीवर आलं, एवढंच.

आता येते ती १८३४ सालची गोष्ट, जिच्यामुळे 'पॉपर' शब्दाला आजची कडवट चव आली. गरिबांवरचा खर्च वाढत चालला म्हणून सरकारने चौकशी समिती नेमली. नासाऊ सीनिअर आणि एडविन चॅडविक ही तिच्यातली मोठी नावं. समितीने 'पुअर' आणि 'पॉपर' यांच्यात एक रेघ ओढली. जो कष्ट करतो, कसंबसं भागवतो आणि कुणापुढे हात पसरत नाही तो 'पुअर'. ज्याने मदत घेतली तो 'पॉपर'. गरीब असणं हे नशीब, पण पॉपर होणं हा दोष, अशी ती समजूत. याच काळात इंग्रजीत आणखी एक क्रियापद रूढ झालं, 'पॉपराइझ'. म्हणजे मदत देऊन देऊन माणसाला ऐतखाऊ करणं. गंमत बघा, माणूस कंगाल का झाला तर त्याला भाकरी दिली म्हणून!

या विचारातून वर्कहाउस उभी राहिली. मदत हवी तर या कामघरात येऊन राहायचं. तिथली हालत बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, हे तत्त्वच होतं, म्हणजे अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी दार ठोठावणार नाही. आत गेलं की अंगावरचे कपडे काढून गणवेश. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. चाळीस वर्षं संसार केलेली म्हातारा-म्हातारीही वेगळी. साठीच्या पुढच्या जोडप्याला एकत्र राहण्याची सवलत मिळायला १८४७ उजाडावं लागलं. कामं कोणती? दगड फोडणं, हाडं कुटणं, डांबर लागलेल्या जुन्या जहाजी दोरखंडांचे धागे बोटांनी सुटे करणं. बायकांना धुणी, फरश्या, स्वयंपाक.

१८४५ मध्ये अँडोव्हर गावच्या वर्कहाउसची बातमी फुटली. खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं भुकेपोटी त्याच हाडांना चिकटलेलं सडकं मांस आणि आतला मगज खात होती. देशभर संताप झाला, चौकशी झाली. पण व्यवस्था मोडली नाही.

१८३४ च्या कायद्यात बायकांसाठी खास एक कलम होतं. बिनलग्नाच्या मुलाचा सगळा भार आईवर. बापाकडून काही मिळवणं जवळजवळ अशक्य करून ठेवलं, कारण म्हणे त्यामुळे मुली 'जपून' वागतील. बाईने न्यायाधीशापुढे जाऊन बापाकडून पैसे मागण्याची वाट दहा वर्षांनी, १८४४ मध्ये, पुन्हा मोकळी झाली. तोवर किती जणी त्या दारातून आत गेल्या असतील!

मेल्यावरही सुटका नव्हती. १८३२ च्या एका कायद्याने वर्कहाउसमध्ये मेलेल्यांची जी प्रेतं कुणी न्यायला येत नाहीत ती वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी देता येऊ लागली. पूर्वी ही शिक्षा खुन्यांच्या प्रेतांना होती. म्हणून इंग्लंडातल्या गरीब बायका पोटाला चिमटा घेऊन आठवड्याला एकदोन पेन्स मयतीच्या विम्यात भरत. का, तर निदान माती तरी पॉपरची होऊ नये.

चार्ली चॅप्लिनचे मूकपट तुम्ही पाहिले असतील, निदान तो ढगळ विजारीतला छोटा माणूस तरी. त्याची आई हॅना शिवणकाम करून दोन मुलांना वाढवत होती. शिलाई मशीन हप्त्यावर घेतलेली. हप्ते थकले आणि मशीन उचलून नेली. १८९६ मध्ये ती मुलांना घेऊन लंडनच्या लॅम्बेथमधल्या वर्कहाउसच्या दारात गेली. चार्ली तेव्हा सात वर्षांचा. आत जाताच आई एका बाजूला, पोरं दुसऱ्या. पुढे मुलांना हॅनवेलच्या निराधार मुलांच्या शाळेत धाडलं. हप्ता, थकबाकी, उचललेली मशीन... आपल्या बचत गटातल्या बायकांना यातलं काही समजावून सांगायला नको.

हे बदललं कसं? एक म्हणजे बायका त्या दारातून कारभारी म्हणून आत शिरल्या. वर्कहाउसवर देखरेख करणाऱ्या निवडून आलेल्या मंडळांत १८७५ साली केन्सिंग्टनमध्ये मार्था मेरिंग्टन ही पहिली बाई निवडून आली. १८९४ मध्ये मँचेस्टरजवळच्या चॉर्ल्टन मंडळावर एमेलिन पँकहर्स्ट गेल्या, बायकांच्या मताधिकारासाठी पुढे तुरुंगात गेलेल्या त्याच. पहिल्याच फेरीत त्यांनी पाहिलं, सातआठ वर्षांच्या पोरी कडाक्याच्या थंडीत पातळ सुती झगे घालून लांबलचक दगडी फरशा गुडघ्यांवर बसून घासत होत्या. म्हाताऱ्या बिनपाठीच्या बाकांवर दिवस काढत होत्या. त्यांनी म्हाताऱ्यांना पाठीच्या खुर्च्या आणवल्या, जेवण सुधारलं. बायकांना मत का हवं याची खात्री आपल्याला तिथे पटली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

आता जरा आपल्याकडे येऊ. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशोबाने उतरवली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर थोडे पैसे. बाईला आणि पोराला त्याहून कमी. मदत सढळ झाली तर लोक ऐतखाऊ होतील, ही विलायतेतली भीती इकडेही बोटीतून उतरली होती. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

त्याच सुमाराला, १८७६ मध्ये, दादाभाई नवरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यांनी आकडे मांडले. माणशी वर्षाचं उत्पन्न वीस रुपये. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर करतं तो खर्चही याहून जास्त. १९०१ मध्ये त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांचा सगळा रोख आपल्या त्या दुसऱ्या शब्दावर होता, 'इम्पोव्हरिश'. हा देश मुळात दरिद्री नाही, इथली संपत्ती दरसाल बाहेर जाते म्हणून तो दरिद्री केला जातो आहे, असं त्यांचं म्हणणं.

दोन शब्दांतला फरक इथे नीट लक्षात घ्या. 'पॉपर' म्हटलं की बोट जातं गरिबाकडे. 'इम्पोव्हरिश' म्हटलं की प्रश्न उभा राहतो, कुणी केलं? मराठीत त्यासाठी वाक्प्रचार किती आहेत बघा. भिकेला लावलं. देशोधडीला लावलं. रस्त्यावर आणलं. धुळीला मिळवलं. प्रत्येकात 'लावणारा' कुणीतरी आहे. आपल्या भाषेने हा हिशोब चोख ठेवला आहे.

इंग्लंडात शेवटी शिक्का पुसला गेला, पण टप्प्याटप्प्याने. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळू लागली, तीही पोस्टात. मदत घेणाऱ्याचा मताचा हक्क जायचा, तो १९१८ मध्ये परत मिळाला. त्याच कायद्याने तीस वर्षांवरच्या पुष्कळ बायकांनाही मत मिळालं. १९३० मध्ये ती जुनी मंडळं गेली आणि १९४८ मध्ये गरिबांचा जुना कायदाच रद्द झाला.

आपल्याकडे मात्र 'पॉपर' कोर्टात टिकून होता. १९०८ च्या दिवाणी कायद्यात 'पॉपर'च्या दाव्यांचं वेगळं प्रकरण होतं. मराठीत त्याला 'नादारीचा दावा' म्हणत. 'नादार' हा फारसी शब्द, ज्याच्याजवळ नाही तो. पूर्वी शाळेत फी माफ झाली की 'नादारी मिळाली' म्हणायचे, तो हाच. नादारीने दावा लावायचा तर आपल्याजवळ काय काय आहे याची यादी द्यावी लागे, कोर्ट उलटतपासणी करी, आणि समोरचा पक्ष 'हिच्याकडे दागिने आहेत' म्हणून हरकत घेऊ शके. टाकलेल्या बाईने पोटगी किंवा हिस्सा मागायचा तर आधी आपण कंगाल आहोत हे चारचौघांत सिद्ध करायचं.

१९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून 'पॉपर' हा शब्द काढला आणि 'इंडिजंट' हा घातला. अर्थ, गरजू. मालमत्तेची मर्यादा शंभरावरून हजार रुपये झाली, आणि जप्तीतून सूट असलेल्या वस्तू त्यात मोजायच्या नाहीत असं ठरलं. त्या वस्तू कोणत्या? अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि गुरं, आणि धर्मरूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने. म्हणजे मंगळसूत्र धरून तुमची श्रीमंती कुणी मोजू शकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. गरीब असल्याचा दाखला त्यासाठी लागत नाही. ती बाई आहे, एवढं पुरे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. शिवाय महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्ये पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसा यांबाबतच्या बायकांच्या दाव्यांना कोर्ट फी माफ केली आहे. दुष्काळी कामांचंही तसंच. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम हा हक्क झाला, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी.

तेव्हा मैत्रिणींनो, कचेरीत कुणी 'फुकटचं घ्यायला आल्या' म्हणून तोंड वेंगाडलं तर मान खाली घालू नका. ती बाहीवरच्या अक्षराची जुनी सवय आहे. रेशन असो, पेन्शन असो, मोफत वकील असो, ते तुम्ही कायद्याने मागता आहात. आणि शेजारची एखादी उघड्यावर आली तर 'तिचं नशीब' म्हणून थांबू नका. हप्ता कुणाचा होता, सातबाऱ्यावरून तिचं नाव कुणी उडवलं, कागदावर अंगठा कुणी घेतला, हे तिच्यासोबत बसून विचारा.

आणि एक काम. तुमच्या गावाकडे कंगाल होण्यासाठी, कंगाल करण्यासाठी कोणते शब्द आहेत, म्हाताऱ्या माणसांना विचारून आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात ते तुमच्या नावासह वाचून दाखवू.